आधी तिकीट फाटू दे

नागपूर,
डिसेंबर २०२५

चि. मुक्ता,

तू पाठवलेली तुझ्या नव्या धंद्याच्या आराखड्याची ती मोठी पीडीएफ मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली आणि पेन्सिल हातात धरून वाचली. फोनवर एवढं वाचवत नाही मला. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे, जिना चढते. अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद होते, त्यामुळे तुझे बाबा परवा गोल फिरून माझ्याकडे आले. येताना घराचे कागद घेऊन आले होते. 'बँकेला तारण लागतं म्हणते मुक्ता,' म्हणाले. लेकीबद्दल बोलताना ते केवढे फुलतात, तुला माहीत आहे. मी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि ते गेल्यावर ठरवलं की तुला फोन करायचा नाही, पत्र लिहायचं. फोनवर तू 'हो गं आत्या, हो गं' करतेस आणि विषय तिथेच संपतो.

पहिलं सांगते, बेटा, म्हणजे पुढचं वाचताना मन खट्टू होणार नाही. कल्पना मला मनापासून आवडली. बाणेरला तुझ्याकडे राहिले होते तेव्हा रोज संध्याकाळी खाली पार्किंगमधून चकरा मारायचे. कितीतरी गाड्यांवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. माणसं दुचाकीवर नाहीतर कंपनीच्या बसने कामाला जातात आणि आठ-दहा लाखांची गाडी रविवारपर्यंत जागची हलत नाही. तीच गाडी आठ-दहा घरांनी मिळून वापरली, विजेवर चालली, तर हप्ते वाचतील, जागा वाचेल, धूरही कमी होईल. असं काम आपल्या घरातली मुलगी करायला निघाली याचा मला अभिमान आहे. काळजी लागली ती अकरावं पान वाचून. अकराव्या पानावर पन्नास गाड्यांचं कर्ज आहे.

पहिल्या पानावर तूच लिहिलं आहेस की आपण लीन स्टार्टअप पद्धतीने जाणार. एरिक रीसचं ते २०११चं पुस्तक आपल्या निखिलने मला आणून दिलं होतं, मी वाचलं. त्याचं मूळ टोयोटाच्या कारखान्यात आहे. लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच करायचं, आणि बिघाड दिसला की पाच वेळा 'का' विचारत मुळापर्यंत जायचं, ही तिथल्या तैइची ओनोची शिस्त. रीसने ती नव्या धंद्याला लावली. जे आपण गृहीत धरलं आहे ते खरं की खोटं हे कळेल एवढीच लहान गोष्ट आधी करायची, लोकांपुढे ठेवायची, मोजायची, शिकायचं आणि मग वाट बदलायची की तीच धरायची ते ठरवायचं. त्याचा गुरू स्टीव्ह ब्लँक तर म्हणतो, ऑफिसात बसून काही कळणार नाही, बाहेर पडा. आता तूच सांग पोरी, या पद्धतीचा सगळा जीव छोट्या सुरुवातीत आहे. मग त्याच फाइलीत पन्नास गाड्या कशा आल्या?

तुझं उत्तर मला पाचव्या पानावर सापडलं. ते सर्वेक्षण. मोबाइलवर फॉर्म पाठवला आणि चारशेहून जास्त लोकांनी 'हो, आम्ही वापरू' असं कळवलं. तुला तो आकडा फार मोठा वाटतो आहे. त्यावर मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. तू लहान होतीस तेव्हाची, तुला सांगितली नसेल कधी.

मी एसटीच्या विभागीय कार्यालयात सांख्यिकी शाखेत होते. बसगाड्या पाहिल्या कमी, त्यांचे आकडे पाहिले जास्त. काटोलकडच्या एका गावाचा अर्ज आला होता, आमच्या गावाला गाडी द्या. खाली पानभर सह्या, काही अंगठे. वेळ मागितली होती सकाळी अकराची, तहसील कचेरीच्या कामाला सोयीची. फेरी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. पहिल्या दिवशी गावाने नारळ फोडला, गाडीला हार घातला. महिन्याभराने वे-बिलांचे आकडे माझ्या टेबलावर आले तेव्हा भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, इतकं खाली होतं की फेरी बंद करण्याचा प्रस्ताव लिहायची वेळ आली. आमच्या तेव्हाच्या साहेबांनी सही करायच्या आधी स्वतः त्या गावाला चक्कर मारली. परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे नव्या मुलींना नेहमी सांगायचे. ज्यांनी सह्या केल्या त्यांच्या दारात मोटरसायकली आहेत. गाडी लागते ती शाळेला जाणाऱ्या मुलींना आणि टोपल्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायांना, आणि त्यांना ती पावणेसातला लागते. त्यांच्याकडे सही मागायला कुणी गेलंच नव्हतं. वेळ बदलली आणि तीच गाडी भरून जायला लागली.

तुझ्या त्या चारशे जणांनी सही केली आहे, मुक्ता. तिकीट अजून एकानेही फाडलेलं नाही. सहीला काही पडत नाही, तिकिटाला खिशात हात घालावा लागतो. आणि फॉर्म कुणी भरला ते बघ. तुझ्या ओळखीची, तुझ्या वयाची, संगणकावर काम करणारी मुलं. त्यांच्याकडे गाडी आहे, नाहीतर ती दोन मिनिटांत टॅक्सी मागवतात. तुझ्या गाडीची खरी गरज कुणाला असेल याचा विचार करते तेव्हा मला दुसरीच माणसं दिसतात. नवरा गाडी घेऊन ऑफिसला गेला की मागे घरात अडकणारी सून. मुलं अमेरिकेत आणि स्वतःला महिन्यातून चारदा दवाखान्यात जायचंय असं जोडपं. आईवडिलांना पहाटे स्टेशनवर सोडायचं असलेला, एरवी दुचाकीवरच फिरणारा मुलगा. ज्या घरात दुसरी गाडी घ्यावी का म्हणून सध्या वाद चालू आहे ते घर. यातल्या किती जणांकडे तुझा फॉर्म पोहोचला? रविवारी सकाळी बागेत बाकावर जाऊन बस आणि त्यांच्याशी बोल. 'वापराल का' असं विचारू नकोस, भिडेपोटी माणूस हो म्हणतो. 'मागच्या महिन्यात कुठे कुठे गेलात, कसे गेलात, किती पैसे लागले' हे विचार. ते खरं सांगतील.

आणि सुरुवात एका सोसायटीत कर. एकच. फार तर तीन गाड्या. ॲप करू नकोस अजून. ॲप बनवून देणाऱ्या मुलांनी जो खर्च सांगितला आहे तो वाचून माझी पेन्सिल थांबली. व्हॉट्सॲपचा एक गट आणि एक लांब वही पुरते. किल्ली पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये, नोंद वहीत, पैसे फोनवरून. तू स्वतः प्रत्येकाला गाडी दाखव, चार्जिंगची वायर कशी लावायची ते दाखव, परत आल्यावर विचार काय अडलं. रीसच्या पुस्तकात असं सगळं हाताने करून देणारे लोक आहेत, एकेका गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन. तुला ते कमीपणाचं वाटू देऊ नकोस. त्या दोन-तीन महिन्यांत तुला जे कळेल ते कुठल्याही ॲपमधून कळणार नाही, आणि नंतर ॲप करशील तेव्हा त्यात काय नको हे तुला माहीत असेल.

पन्नासचा आकडा तू हौसेने लिहिलेला नाहीस हे मला कळतं. गाड्या भाड्याने द्यायची सरकारी रेंट-अ-कॅब योजना १९८९ची आहे आणि तिच्यात स्वतःचा परवाना हवा तर निदान पन्नास गाड्या लागतात. कायदा पन्नास म्हणतो, तुझी पद्धत तीन म्हणते, आणि तू मधल्यामधे बाबांच्या घराकडे पाहते आहेस. यातून वाट आहे. ज्याच्याकडे आधीच परवाना आहे, पन्नासावर गाड्या आहेत आणि त्यातल्या काही आठवडाभर उभ्याच असतात, असा माणूस पुण्यात शोध. त्याच्या तीन इलेक्ट्रिक गाड्या महिन्याच्या भाड्यावर, त्याच्याच परवान्याखाली, लेखी करार करून चालव. त्याला उभ्या गाडीचे पैसे मिळतात, तुला शिकायला मिळतं. आरटीओचं काम बघणाऱ्या वकिलाकडून तो करार आधी तपासून घे. आणि एक गोष्ट अगदी करू नकोस. शेजाऱ्यांच्या पांढऱ्या पाटीच्या गाड्या गुपचूप भाड्याने फिरवायची युक्ती कुणीतरी सुचवेल. खासगी गाडी भाड्याने देता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. त्या दिवशी समोर बसलेलं कुटुंब तुझ्या ओळखीचं असेल, बाळा.

आता हिशेब. तो मी तुझ्यापेक्षा जरा जास्त पाहिला आहे म्हणून ऐक. नऊ लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं धरली तर एका गाडीचा हप्ता एकोणीस हजारांच्या वर जातो. विमा, धुणं-पुसणं, पार्किंग, ट्रॅकर, बारीकसारीक ठोकाठोकी यांचे आणखी नऊ हजार धर. म्हणजे महिन्याला अठ्ठावीस हजार, गाडी फाटकाबाहेर न पडतासुद्धा. तासाला दीडशे रुपये घेतलेस तर रोज सव्वासहा तास ती गाडी कुणाच्या तरी हातात असायला हवी, तेव्हा कुठे बरोबरी. विजेचा खर्च यात घाबरण्यासारखा नाही, किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया येईल. तुझ्या पीडीएफमध्ये डिझेलशी तुलना करणारी चार पानं आहेत ती सगळी या रुपयावर. पण गाडी उभी असताना हप्ता चालूच राहतो, त्यावर एकही पान नाही. पन्नास गाड्या म्हणजे दरमहा साडेनऊ लाखांचा नुसता हप्ता. लोकांना सवय लागायला सहा महिने लागले तर ते सहा महिने कोण भरणार? तुझे बाबा निवृत्तिवेतनावर आहेत.

मोठ्यांचं काय झालं तेही बघ. पॅरिसला ऑटोलिब नावाची अशीच सेवा डिसेंबर २०११मध्ये सुरू झाली होती. बोलोरे समूहाच्या राखाडी इलेक्ट्रिक गाड्या, पुढे त्या चार हजारांच्या घरात गेल्या, रस्त्यारस्त्यावर स्टेशनं, दीड लाखाच्या आसपास सदस्य. जगभरातून लोक पाहायला जायचे. पण सदस्य वाढत गेले आणि एकेक सदस्य गाडी कमी वेळा काढू लागला. गाड्या अस्वच्छ मिळू लागल्या. कराराप्रमाणे सहा कोटी युरोंपर्यंतचा तोटा कंपनीचा आणि त्यावरचा पालिकांचा होता. २०२३पर्यंत तोटा एकोणतीस कोटी युरोंच्या वर जाईल असा कंपनीचा हिशेब पुढे आला तेव्हा पालिकांनी करार मोडला. ३१ जुलै २०१८ला सेवा बंद. म्हणून तुला कळकळीने सांगते, सदस्य किती झाले, ॲप किती जणांनी उतरवून घेतलं, हे आकडे तुझ्या भिंतीवर लावू नकोस. ते वाढतच जातात आणि त्यांनी मन उगाच मोठं होतं. एसटीत आम्ही गाडी किती सुंदर आहे हे विचारत नव्हतो, भारमान किती आणि किलोमीटरमागे उत्पन्न किती एवढंच बघत होतो.

पॅरिस लांब आहे म्हणशील, तर आपल्या नागपूरचंच घे. २६ मे २०१७ला इथे दोनशे विजेच्या वाहनांचा प्रयोग थाटात सुरू झाला. टॅक्सी होत्या, ई-रिक्षा होत्या, मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्री दोघंही होते. वर्ष सरायच्या आत चालकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. चार्जिंगच्या रांगेत तासन् तास जातात, तेवढ्या वेळात भाडी बुडतात. काहींनी गाड्या परत केल्या आणि पुन्हा डिझेलकडे वळले. एका चार्जिंग स्टेशनापुढे गाड्यांची रांग लोकांच्या फाटकासमोर यायला लागली, रहिवासी चिडले, आणि ते स्टेशन तिथून हलवावं लागलं. गाडी चांगली की वाईट, बॅटरी कितीची, हे सगळे प्रश्न नंतरचे. आधीचा प्रश्न असा की प्लग कुठे आहे आणि त्या प्लगशेजारी राहणाऱ्या माणसाला तो आवडतो का. अमेरिकेत सॅन डिएगोला कार-टू-गो कंपनीने २०११मध्ये तीनशे छोट्या इलेक्ट्रिक गाड्या उतरवल्या होत्या. शहरात जेवढी चार्जिंग स्टेशनं होतील असं धरलं होतं तेवढी झाली नाहीत. २०१६मध्ये त्यांनी त्या जागी पेट्रोलच्या गाड्या आणल्या आणि त्याच वर्षी गाशा गुंडाळला.

म्हणून जलद चार्जरच्या मागे तू लागू नयेस असं मला वाटतं. आमच्या मुक्कामी गाडीसारखं कर. ती रात्री गावात थांबायची, पहाटे तिथूनच सुटायची, म्हणून गावाला तिचा भरवसा होता. तुझी गाडीही रात्री तिच्या ठरलेल्या जागी, तिच्या ठरलेल्या प्लगला असली पाहिजे. टियागोसारख्या गाडीची चोवीस युनिटांची बॅटरी साध्या पंधरा ॲम्पिअरच्या सॉकेटवर आठ-नऊ तासांत भरते, म्हणजे रात्र पुरते. त्यासाठी सोसायटीचा ठराव लेखी घे, सचिवांच्या तोंडी होकारावर जाऊ नकोस, पुढच्या निवडणुकीत सचिव बदलतो. मंजूर भार वाढवावा लागेल का ते महावितरणकडे आधीच विचार आणि मीटर वेगळं घे, नाहीतर कॉमन लाइटच्या बिलावरून पहिल्याच महिन्यात भांडण होईल. तुमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात पाणी येतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सॉकेट उंचावर बसव, जमलं तर वरच्या मजल्यावरच जागा माग.

गाडी जिथून नेली तिथेच परत आणायची, हा नियमही पहिल्या वर्षी सोडू नकोस. 'कुठेही घ्या, कुठेही सोडा' हे ऐकायला गोड आहे. ॲमस्टरडॅमला लुड स्किमेलपेनिंक नावाच्या माणसाने १९७४मध्ये विटकार म्हणून तीन चाकांच्या विजेच्या गाड्या काढल्या होत्या, एका स्टेशनवरून घ्यायच्या आणि दुसऱ्यावर सोडायच्या. माणूस काळाच्या फार पुढचा. पण स्टेशनं मोजकीच उभी राहिली, गाड्या पस्तीसच्या आसपास. अशा वेळी गाड्या एकीकडे साचतात आणि माणसं दुसरीकडे थांबतात. बारा वर्षांनी ते सगळं थांबलं. रिकामी गाडी उलटी आणायचा खर्च काय असतो हे एसटीच्या कुठल्याही आगारात विचार.

लहान सुरुवात करणाऱ्यांचीही उदाहरणं आहेत, आणि ती मला जास्त धीर देतात. बर्लिनमध्ये १९८८ला मार्कुस पीटरसन नावाच्या संशोधक मुलाने आपल्या प्रबंधासाठी म्हणून एक गाडी लोकांत वाटून पाहिली आणि त्यातून श्टाटआउटो उभी राहिली. स्वित्झर्लंडमध्ये १९८७ला दोन छोट्या सहकारी संस्था निघाल्या, मूठभर माणसांच्या. दहा वर्षांनी त्या एकत्र आल्या, मोबिलिटी हे नाव घेतलं, आणि आज त्यांच्या देशभर तीन हजारांच्या आसपास गाड्या आहेत. त्यांच्या गाड्या बरीच वर्षं पेट्रोलवरच चालल्या, पण माणसांनी गाडी वाटून घ्यायची सवय त्यांनी आधी लावली. अमेरिकेतल्या झिपकारच्या रॉबिन चेसची गोष्ट तुझ्या कामाची आहे. २००० साली त्यांनी सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की दिवसाचं भाडं फारच कमी ठेवलं आहे. त्यांनी लपवाछपवी केली नाही. सदस्यांना कारण सांगून पत्र लिहिलं आणि दर वाढवला. सदस्य मोजके होते म्हणून ते निभावलं. पन्नास गाड्यांच्या हप्त्याखाली दर चुकला असता तर पत्र लिहायला सवड मिळाली नसती.

या एप्रिलमध्ये ब्लूस्मार्टच्या विजेच्या टॅक्सी बंद झाल्या तेव्हा तुझा फोन आला होता, तू हळहळली होतीस. सेबीच्या अंतरिम आदेशात काय लिहिलं आहे ते वाच एकदा. ब्लूस्मार्टला गाड्या पुरवणाऱ्या जेनसोल कंपनीने ६४०० इलेक्ट्रिक गाड्यांसाठी कर्ज उचललं आणि घेतल्या ४७०४. तुझ्या हातून असं होणार नाही, तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण गाड्यांसाठीचा पैसा आणि घरखर्चाचा पैसा एका खात्यात राहू नये, एवढं पहिल्या दिवसापासून पाळ. आणि ते चालक आठव, एका रात्रीत ज्यांची गाडी गेली. कर्ज मोठं असलं की पडणारा एकटा पडत नाही. रोहनबरोबरच्या भागीदारीचा कागदही करून घे. चांगला मुलगा आहे तो, म्हणूनच कर.

तू काय करून राहिलीस, जेवतेस का वेळेवर, हेही विचारायचं आहे मला. आई म्हणते रात्री एकला तुझा मेसेज येतो. गाड्या सुरू झाल्या की रात्रीचे फोन येणार. 'बॅटरी सात टक्क्यांवर आली आणि मी ताम्हिणी घाटात आहे,' असा कुणीतरी करणारच. तो फोन तू एकटीने उचलून एकटीने गाडी काढून जायचं नाही. पगार देऊन एक भरवशाचा माणूस ठेव, त्याचा पगार पहिल्या हिशेबात धर. आणि पहिले काही महिने घाट नाही, पुण्याच्या हद्दीतच. सुट्टीच्या महाबळेश्वरचे पैसे चांगले दिसतात, पण तो धंदा निराळा, त्यात आधीच मोठे लोक आहेत. तुझी गाडी मंगळवारी दुपारी कुणाला लागते का, हे तुला शोधायचं आहे. रविवारी तर सगळ्यांनाच लागते.

बाबांचे कागद सध्या माझ्या कपाटात आहेत. मीच ठेवून घेतले, त्यांना सांगून. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, मुक्ताला एक वही भरू दे, मग आपण तिघं बसू. ते हसले आणि ठेवून गेले. मला तर वाटतं त्यांनाही हलकं वाटलं. तू त्यांच्यावर रागावू नकोस, माझ्यावर रागावलीस तरी चालेल.

वहीत तीनच गोष्टी लिही. गाडी रोज किती तास माणसाच्या हातात होती. मागच्या महिन्यात ज्यांनी घेतली त्यांतल्या किती जणांनी या महिन्यात पुन्हा घेतली, त्यांत तुझ्या ओळखीचे कोण आणि अनोळखी कोण. आणि ठरलेल्या वेळेला गाडी तयार नव्हती असं किती वेळा झालं, अपुरं चार्ज, उशिरा परत आलेली, घाण, जे असेल ते कारणासकट. अनोळखी माणसं परत परत यायला लागली, आणि तास सहाच्या पुढे सरकायला लागले, तर चौथी गाडी घे, मग दुसरी सोसायटी. नाही आले तर वेळ बदल, दर बदल, सोसायटी बदल. कदाचित गाडीऐवजी दुसरंच काही लागत असेल तिथल्या माणसांना, तेही वहीत दिसेल. त्या वेळी सोडून द्यावं लागलं तर तीन गाड्या परत करून तू सोमवारी नोकरीचा अर्ज करू शकशील, आणि बाबा आपल्या घरात असतील.

हे तीन महिने पैशांअभावी अडू नयेत म्हणून माझ्या ठेवीतले दोन लाख मी मोडते आहे. ठेव तशीही जानेवारीत संपणार होती. तीन गाड्यांचं भाडं आणि रात्रीचे फोन घेणाऱ्या माणसाचा पगार यात बराचसा निघेल, बाकी तू तिकिटांतून उभं कर. कर्ज म्हणून देत नाही, परत आले नाहीत तरी आपल्यात काही बिघडणार नाही. धंद्याचं वेगळं खातं उघडलंस की त्याचा क्रमांक निखिलला कळव, मी त्याला घेऊन बँकेत जाते. आणि करार करायच्या आधी त्याची एक प्रत मला पाठव, मोठ्या अक्षरात छापून.

तुझी,
आत्या